बोर बोलेता

लांजेवार काका माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "पा-णी स-का-ळी ये-ते. मो-टर मी-च ला-व-तो." प्रत्येक अक्षराला त्यांचं बोट लोखंडी फाटकावर वाजत होतं. मी भिलाईच्या रुआबांध्यात त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायला आले होते, डोक्यावर गादी होती, आणि मला वाटलं घरमालक बहिरे आहेत. म्हणून मीही ओरडून, तोडून म्हटलं, "ब-रं, का-का." काकांना वाटलं, पोरगी बहिरी आहे. अशी आम्ही बरेच दिवस एकमेकांची दया करत ओरडत राहिलो. शेवटी शेजारच्या साहू काकींनी भिंतीवरून विचारलं, "आप दोनों में से बहरा कौन है, पता चल जाए तो हम उसी हिसाब से बोलें."

बहिरं कोणीच नव्हतं. काका एका खासगी रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. लालभडक सळ्या रुळांवरून धडधडत जायच्या, वरून पंख्यांची घरघर, आणि त्या गोंधळात काकांना माणसं सांभाळायची होती. तिथे अख्खं वाक्य फेकलं तर ते मध्येच कुठेतरी पडून जायचं. तुकडे करून फेकलं की पोचायचं. निवृत्त झाले तरी त्यांच्या डोक्यातली मिल बंद झाली नव्हती. देवाची आरती, भाजीवाल्याशी घासाघीस, साहू काकींच्या मांजराला हाकलणं, सगळं टप्प्याटप्प्याने. टप्पा हा त्यांचाच शब्द. अक्षर म्हणायचे नाहीत. "शब्द पोचत नाई पोरी," ते म्हणायचे, "टप्पे पोचते."

मी आधीच सांगून टाकते, मला लिहायची सवय नाही. माझं गाव लाखांदूरकडे, चुलबंद नदीच्या काठाला. शाळा सातवीनंतर सुटली. नवऱ्याला भिलाईत ठेकेदाराकडे काम मिळालं म्हणून आले. तो शिफ्टला जायचा आणि मी एका बालमंदिरात आया होते. काळजी करणं हा माझा दुसरा धंदा. गॅस बंद केला का हे बघायला मी बस स्टॉपवरून परत येते, आणि परत आल्यावर कुलूप लावलं का हे बघायला पुन्हा. तेव्हा यात काही चुकलं असेल तर काका हसतील, त्यांचं हसणं मला चालतं.

काकांना माझ्या काळजीची मजा वाटायची, कारण त्यांना स्वतःला एकच काळजी होती, चावीची. काकू वारल्यानंतर एकदा त्यांची चावी हरवली होती. तेव्हापासून त्यांनी घराची चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली ती घातलीच. आंघोळीलाही ती गळ्यात. बनियनच्या आत ती छातीवर आपटायची आणि काका चालत आले की खुळखुळ ऐकू यायची. "खिशात ठेवली का चावी खिशासंग धुवाले जाते," ते म्हणायचे. लग्नाला गेले तरी फोटोत कोटाच्या बाहेर चावी. त्यांच्या नाकासारखीच ती, चेहऱ्यात धरलेली.

टप्प्यांचं त्यांना इतकं वेड का, हे मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सावाच्या धानाची गोष्ट सांगितली.

मिलमध्ये जिथे गरम सळ्या थंड व्हायला टाकत तिथे दोन खांब होते. पेंटरला सांगितलं, मोठ्या अक्षरात 'सावधान' लिही. एका खांबावर शब्द मावेना. पेंटर शहाणा, त्याने एका खांबावर 'साव' लिहिलं आणि दुसऱ्या खांबावर 'धान'. खाली बारीक अक्षरात गरम लोखंड वगैरे. दुसऱ्या दिवशी गावाकडून नवीन आलेला एक मजूर दोन्ही खांबांमधून ऐटीत आत निघाला. काका लांबून ओरडले, "पी-छे ह-ट." तो थबकला आणि वळून अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, साव के धान कती हे? बोरी दिखत नइ हे."

आता छत्तीसगडमध्ये साव म्हटलं की आडनाव आणि धान म्हटलं की जीव. त्या बिचाऱ्याने वाचलं, सावाचं धान. त्याला वाटलं, कोणा सावाचं धान उतरवायला आपल्याला लावलं आहे, आणि तो पोती शोधत होता.

"त्याचं काय चुकलं सांग," काका मला म्हणाले. "वाचलं तं बरोबर. कापलं चुकीच्या जागी. अन् कापलं ते पेंटरनं. एक शब्द भलत्या जागी कापला का माणूस भाजते."

ही गोष्ट ते इतक्यांदा सांगायचे की साहू काकी सुरुवात ऐकताच म्हणायच्या, "मिल गया क्या साव जी का धान?"

काकांना एकच मुलगी, मंजूताई. ती पोर्तुगालला. तिकडेच लग्न केलं, तिकडेच नोकरी. तिचं काम काय हे गल्लीत कोणालाच नीट सांगता यायचं नाही. काका सांगायचे, "ते लोकाइच्या डोक्यात पाह्यते." त्यामुळे बरेच लोक तिला डॉक्टर समजून व्हिडिओ कॉलवर डोकेदुखी दाखवायचे. एकदा मी चहा द्यायला गेले तेव्हा ती फोनवर होती, मी धीर करून विचारलं. मंजूताई हिंदी-मराठी मिसळून बोलते, पण समजेल असं बोलते.

"कुंदाताई, तुम्ही वाचता तेव्हा डोळ्याला शब्द पूरा का पूरा दिसतो ना? पण मेंदू त्याला एकदम गिळतो की टप्पे करून, हे आम्ही बघतो. पोर्तुगीज शब्द घेतो. स्क्रीनवर शब्द दोन रंगांत येतो. कधी रंग बरोबर टप्प्यावर बदलतो, कधी मुद्दाम भलत्या जागी. माणसाने बटन दाबून सांगायचं, हा खरा शब्द आहे की आम्ही बनवलेला. कापणं चुकलं की बोट जरासं अडतं का, तेवढं मोजायचं."

"म्हणजे साव धान," काका म्हणाले.

"हां बाबा, साव धान."

"मंग त्याच्यासाठी एवढ्या दूर कावून गेली? मीच सांगतलं असतं."

मंजूताई हसली. मग म्हणाली, काही टप्पे फार शब्दांच्या सुरुवातीला येतात. तसा टप्पा दिसला की ते सगळे शब्द एकदम दारात येऊन उभे राहतात, आणि बिचारा खरा शब्द मागे राहतो. वाचणाऱ्याला उशीर होऊ शकतो तो त्यामुळे.

काकांचा चेहरा उजळला. "पावर हाउस स्टेशनचे ऑटोवाले. गाडीतून उतरा, का सगळे अंगावर. सुपेला सुपेला, दुर्ग दुर्ग. अन् ज्याच्यात जायचं तो मांगं बिडी पीत उभा."

"एकदम वही," मंजूताई म्हणाली. मला वाटतं, तिने ते कुठेतरी लिहूनही ठेवलं.

काकांनी हट्ट धरला की आपलीही परीक्षा घे. मंजूताईने गंमत म्हणून त्यांच्यासाठी मराठीत शब्द करून पाठवले, काही खरे, काही बनवलेले. मी लॅपटॉप धरून बसले. काका प्रत्येक शब्दाला 'खरा' दाबत गेले. 'गपोरा' आला. खरा.

"बाबा, गपोरा असा शब्दच नाही."

"कावून नाई? तुमसरच्या मांगं गाव आहे."

'मिटुरली' आली. खरी. "तुह्या आजीच्या मामीचं नाव होतं."

आपले वडील कोणत्याही परीक्षेच्या लायक नाहीत, असं मंजूताईने प्रेमाने जाहीर केलं. काका म्हणाले, माणसाने कष्ट करून लिहिलेल्या शब्दाला खोटा म्हणायला आपलं मन होत नाही.

मग तो रविवार. दुपारची वेळ, मी मागे कणीक मळत होते. पुढच्या खोलीतून बारीक आवाजात हाक आली, "अवो. अवो." आमच्याकडे बाईला, नवऱ्याला हाक मारायची ती अशीच. नाव माहीत नसलं की अवो, माहीत असून घ्यायचं नसलं तरी अवो. मी कणकेच्या हातांनी धावत गेले. फाटकाबाहेरून चाललेली एक गोंदियाकडची बाईसुद्धा थांबून आत बघायला लागली. खोलीत काकांशिवाय कोणी नाही. टेबलावर फोन, फोनमध्ये पुढचे दात पडलेली एक छोटी मुलगी.

"तुले नाई वं," काका म्हणाले. "मले बोलावून राहिली. माही नात, रीता. तिकडे आजोबाले अवो म्हणते."

मी परत जायला वळले, तर ते हळूच म्हणाले, "मंजूची आई मले अवोच म्हणे. जिंदगीभर नाव नाई घेतलं. ते गेल्यावर कोणी म्हटलं नवतं." आणि काच खराब नसताना फोनची काच शर्टाने पुसली. आतली रीता डोळे मिटून हसली, तिला वाटलं तिचं तोंड पुसतायत.

त्याच रविवारी मंजूताईने खरी गोष्ट सांगितली. रीता खेळायला निघून गेल्यावर. रीता वाचायला शिकत होती, पण टप्प्यावर अडकायची. एक टप्पा, थांबणं, मग दुसरा. वर्गात उभं करून वाचायला लावलं तेव्हा मुलं हसली. तेव्हापासून पोरीने मोठ्याने वाचणंच बंद केलं. तोंड मिटून बसते. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत तिने वर्गात मोठ्याने वाचलं नाही तर तिला त्याच वर्गात ठेवणार, असं शाळेने सांगितलं होतं. मैत्रिणी पुढे, ती मागे.

"दिवसभर मी अनोळखी लोकांना टप्पे दाखवते बाबा," मंजूताई म्हणाली, "और मेरी अपनी बेटी मेरे सामने मुंह नहीं खोलती. मी पुस्तक काढलं की उठून जाते. मी तिला वाचायला लावते म्हणजे तपासते, असं वाटतं तिला."

काका बराच वेळ टेबलावर बोट आपटत राहिले. मग म्हणाले, "मले शिकव."

"काय?"

"पोर्तुगीज. मले येत नाई ना. मी तं तपासू शकत नाई."

असं या वयात काकांचं शिक्षण सुरू झालं. मंजूताईने लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाचे फोटो पाठवले. इंग्रजी अक्षरं काकांना येत होती, मिलमधल्या यंत्रांवर तीच. पण ती अक्षरं एकमेकांशी इतकं विचित्र वागतील असं त्यांना वाटलं नव्हतं. पहिलाच शब्द चावी. तिकडेही चावीच, फक्त लिहिताना शेवटी 'वे'. काका खूश. गळ्यातली चावी काढून कॅमेऱ्याला दाखवली. "चा-वे."

"नाही बाबा. लिहितात चावे, पण म्हणतात शाव्. शेवटचा टप्पा खाऊन टाकतात."

"खाऊन टाकते?"

"हो. गिळतात."

काकांना हे अजिबात पटलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मिलच्या गोंगाटातून प्रत्येक टप्पा सुखरूप पोचवला, त्याला टप्पे गिळणारा देश म्हणजे बेजबाबदार वाटला. "अन्न खावा," ते म्हणाले. "टप्पे कावून खाता?" मंजूताईने किती समजावलं, काका 'चा-वे' वरच. गिळायला गेले की ठसका लागायचा. मी पाणी घेऊन उभी.

पण बाकीच्या शब्दांनी त्यांना वेड लावलं. साबण तिकडे सबांव. बालटी तिकडे बाल्द. अलमारी, कमीज, अननस, सगळं थोडं थोडं आपल्यासारखं. मंजूताई म्हणाली, हे शब्द फार पूर्वी पोर्तुगीजांबरोबर इकडे आले. काका म्हणाले, शक्य नाही, आपल्याकडून तिकडे गेले असतील. भांडण घमेल्यावर पेटलं.

"घमेलं पोर्तुगीज? घमेलं? अवं मंजू, घमेलं भिलाईचं आहे. माह्या डोळ्यासमोर आहे घमेलं."

"बाबा, तिकडे गमेला म्हणतात. लाकडाचं मोठं भांडं."

"लाकडाचं असन तं मंग ते घमेलं नोहे."

दुसऱ्या दिवशी ते पावर हाउसच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि अगदी पोर्तुगीज तोंड करून म्हणाले, "गमेला." दुकानदाराने वर न बघता विचारलं, "छोटा कि बड़ा?" काका भारावून घरी आले. घमेलंही विकत आणलं होतं, गरज नसताना. फाटकातूनच मला सांगितलं, "पोरी, पावर हाउसले पोर्तुगीज चालते."

बटाट्याला तिकडे बटाटाच म्हणतात, हे कळलं तेव्हा मात्र ते गंभीर झाले. आमच्या विदर्भात त्याला आलू म्हणतात. काकांनी विचार करून निष्कर्ष काढला, की पोर्तुगालचे लोक मूळ पुण्याचे असावेत.

पहिला धडा त्यांनी रीतासमोर पाठ करून म्हणायचा ठरवला. वाक्य एकच, 'मी तुझा आजोबा'. मंजूताईने बजावलं, "बाबा, ध्यान से. ओठ गोल करून अवो म्हटलं की आजोबा. तोंड उघडं पडलं आणि अवॉ झालं, तर त्याचा अर्थ आजी." आता आपण मराठी माणसं सरळ बोललो असतो तर बरोबरच झालं असतं. पण काका मिलचे. महत्त्वाचं बोलायचं म्हणजे तोंड उघडायचं, दूरवर पोचलं पाहिजे. रविवारी ते दाढी करून, कोट घालून, मिशीला तेल लावून बसले, मोठा श्वास घेतला आणि घशापर्यंत जबडा उघडून टप्प्याटप्प्याने जाहीर केलं की मी तुझी आजी आहे.

मग रीता खुर्चीवरून खाली पडली. खरंच पडली, नुसते पाय दिसत होते. वर आली ती हसून लाल झालेली, आणि तिने छोटं बोट टेबलावर आपटलं. "अवॉ नांव. अ-वो."

पोर्तुगीजमध्ये 'नाही' म्हणायचं असेल तर 'नांव' म्हणतात. काकांना हे माहीत नव्हतं. ते म्हणाले, "नाव? लांजेवार."

रीता पुन्हा खाली.

त्यानंतर काकांनी पुस्तकाचं पान उघडलं. फुलपाखराचं चित्र, खाली लांबलचक शब्द. काकांनी चष्मा सरकवला आणि वाचलं, "बोर बोलेता." मग स्वतःच थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बोर कधी बोलते का वं? आपल्याकडचे बोरं तं चूप राह्यते."

"नांव, अवो."

"लांजेवार."

"नांव," रीता म्हणाली, आणि तिने तिकडचं तेच पुस्तक उघडलं, चित्रावर बोट ठेवलं, आणि मोठ्याने, थांबत थांबत वाचलं. "बुर. बु. ले. ता."

मंजूताई तिच्या मागे उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. मीही. काका मात्र काही विशेष घडलं असं न दाखवता म्हणाले, "पुन्हा सांग. मले पोचलं नाई." रीताने पुन्हा वाचलं. काकांना पुन्हा पोचलं नाही. त्या दुपारी ते फुलपाखरू भिलाई ते पोर्तुगाल किती फेऱ्या मारून आलं असेल, कोण जाणे.

मग दर रविवारी हेच. काका चुकायचे, रीता वाचून दुरुस्त करायची. मी एकदा त्यांना विचारलं, "काका, तुम्ही मुद्दाम चुकता ना? पोरीने वाचावं म्हणून?"

काकांना फार वाईट वाटलं. "मुद्दाम? मी इथं जीव तोडून शिकून राहिलो, अन् तू म्हणते मुद्दाम?" दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. म्हणजे नेहमीसारखेच, पण मला फरक कळत होता.

सुट्टी जवळ आली. एका रविवारी रीता एका पानावर अडकली. पानावर गाडीचं चित्र होतं, डबे, धूर, रूळ. पहिला टप्पा म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. मग पुस्तक मिटलं आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

मंजूताई म्हणाली, "ती म्हणते, मी गागाच आहे. शाळेत चिडवतात तिला. इकडे अडखळत बोलणाऱ्या मुलीला गागा म्हणतात."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला.

मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सातवीत मला धडा वाचायला उभं केलं होतं. समोर शब्द आला, आगगाडी. आता तुम्ही तो नीट बघा. मध्ये दोन ग शेजारी शेजारी. मी घाबरले होते, आणि मी वाचलं, "आ. गगा. डी." सगळा वर्ग बाकं बडवून हसला. त्या दिवसापासून माझं नाव गगा. नदीवर गगा, दुकानात गगा, लग्नाच्या मांडवातही कोणीतरी मागून म्हणालं, गगा चालली. आठवीला मी गेलेच नाही. घरी सांगितलं, डोकं दुखतं.

हे सगळं मी त्या फोनसमोर सांगून टाकलं. का, ते माहीत नाही. पानावरचं ते चित्र समोर होतं म्हणून असेल. रीताला मराठी बोलता यायचं नाही पण बरंचसं समजायचं, उरलेलं मंजूताईने तिला सांगितलं. मला वाटलं काका आता मला धीर देतील. काका इतके हसले की चावी बनियनमध्ये उड्या मारायला लागली.

"आ-गगा-डी," ते म्हणाले. "अरे वा रे वा. हे तं सावाच्या धानाच्याही वरचं आहे. एवढे दिवस घरात ठेवून बसली होती का हे?" आणि मग फोनला म्हणाले, "रीता, पाह्य, आमच्याकडं बी एक गगा आहे. हे पाह्य. मस्त भाकरी करते."

रीता फोनच्या अगदी जवळ आली. नुसता एक डोळा आणि अर्धं नाक दिसत होतं. त्या डोळ्याने तिने मला खूप वेळ बघितलं. मग आईला काहीतरी विचारलं.

मंजूताई म्हणाली, "ती विचारते, तो शब्द आता येतो का तुम्हाला."

मी पार घाबरले. एका शब्दाला. काकांनी पाकिटाच्या पाठीवर तो लिहून माझ्यासमोर धरला, मोठ्या अक्षरात, अगदी दोन खांबांवर लिहिल्यासारखा. मी बोट आपटलं. "आग. गाडी."

रीताने टाळी वाजवली. मग पुस्तक उघडलं, स्वतःचं बोट आपटलं आणि म्हणाली, "कों. बॉ. यु." तिकडे गाडीला तसं म्हणतात. थोडं थांबून एका दमात म्हणाली, "कोंबॉयु."

"कोंबडं वाटते," काका म्हणाले.

"नांव, अवो."

"लांजेवार."

रीताने त्यानंतर वर्गात वाचलं. मंजूताईचा फोन आला तेव्हा काका फाटकापाशी उभे राहून सगळ्या गल्लीला सांगत होते, "री-ता पु-ढे गे-ली." साहू काकींनी विचारलं, "कहां गई?" काका म्हणाले, "आगे." तेवढ्यावर काकींचं समाधान झालं, त्यांनी गोड खुर्मी पाठवली. रीताने अडखळतच वाचलं होतं, एका पानावर मुलं हसलीही. तेव्हा ती थांबली, म्हणे, आणि सगळ्या वर्गाला तिने काय सांगितलं, तर आपली एक मैत्रीण भारतात आहे, तिला आगगाडी म्हणता येत नव्हतं, आणि आता येतं.

मी बालमंदिरात हल्ली गोष्टी वाचून दाखवते. आयाचं काम संपल्यावर. मुलं जमिनीवर बोटं आपटतात, मीही. कोणी अडकलं की मी गगाची गोष्ट सांगते, आणि सगळी मुलं मिळून आ-गगा-डी ओरडतात. मॅडम म्हणतात आवाज कमी. पण थांबवत नाहीत.

मग मंजूताईने काकांना तिकडे बोलावून घेतलं. थोडे दिवस म्हणून. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. निघायचं ठरलं तेव्हा मी काळजी करायला लागले ते शेवटपर्यंत थांबले नाही. पासपोर्ट, गोळ्या, चष्मा, दुसरा चष्मा, विमानात गळ्यात दोरा चालतो का, तिकडे पोहे मिळतात का. काका म्हणाले, घर तुझ्यावर सोडून राहिलो, मोटर आतल्या खोलीत आहे, झाडांना पाणी दे, चावी तुझ्यापाशी ठेव. आपण मिलमधून नेहमी पावर हाउसलाच गाडी पकडली, म्हणून मुंबईला जायलाही तिथूनच चढणार, हा त्यांचा हट्ट. गाडी तिथे जेमतेम थांबते. मी बॅगा चढवल्या, गोळ्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली, पासपोर्ट खिशात आहे का ते हाताने चाचपलं, चष्मा बघितला, दुसरा चष्मा बघितला, आणि खाली उतरले. सगळं आठवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काही विसरल्यासारखं वाटत नव्हतं.

गाडी हलली. काका दारात उभे, वाऱ्याने शर्ट फुगलेला, आणि छातीवर काळ्या दोऱ्यात ती लकलकत होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्या अंगाचाच भाग झाली होती, ती काढून घ्यायची असते हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"काका, चावी," मी ओरडले.

शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत जात होती. काकांनी कानाला हात लावला. मी गाडीबरोबर पळत होते, लोक बघत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. शब्द पोचत नाही, टप्पे पोचते. मी हवेत बोट आपटलं, जबडा घशापर्यंत उघडला आणि ओरडले, "चा. वी."

पोचलं. काकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, पोरीने जाता जाता परीक्षा घेतली. ते ताठ उभे राहिले, ओठ नीट जुळवले, गळ्यातली चावी हातात धरून मला दाखवली, आणि ठसका न लागता, शेवटचा टप्पा अख्खा गिळून, अगदी तिकडच्या माणसासारखे म्हणाले, "शाव्."